बंद खिडकीतला वारा

ब्रिताबाईंच्या कादंबरीच्या सुरुवातीला त्यांचं दोन पानांचं मनोगत आहे, आणि त्या मनोगतात एक वारा आहे. बहरीनमध्ये राहत असताना एका दुपारी खिडकी उघडी राहिली, जमिनीवर मांडून ठेवलेले सगळे कागद वाऱ्याने उधळले, आणि जे करायचं धाडस त्यांना होत नव्हतं ते त्या वाऱ्याने करून टाकलं, असं त्या सांगतात. तो वारा खोटा आहे. त्या खोलीची खिडकी उघडतच नव्हती. धूळ येते म्हणून माझ्या वडिलांनी तिच्या चारी बाजूंना सिलिकॉन भरून ती कायमची बंद केली होती आणि वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केली होती. मी पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडाचा धंदा या बेटावर एकटीने उभा केला. समोरचा माणूस दमेपर्यंत मी भाव करते, आणि माझा आवाज चढला की गिऱ्हाईकही खाली बसतं. पण स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका लेखिकेने छापलेल्या एका शब्दापुढे माझं काही चाललेलं नाही. लोकांनी वाचून वाचून तो वारा आता खरा करून टाकला आहे.

आम्ही तेव्हा नईम नावाच्या वस्तीत राहत होतो, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खालच्या मशिनी सुरू झाल्या की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची. बाबा एसीचे टेक्निशियन. घरातला एसी त्यांनी तीन मेलेल्या एसींचे अवयव जोडून उभा केला होता. तो सुरू होताना खोकायचा आणि बंद होताना उसासा टाकायचा, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या वेळात आम्ही बोलून घ्यायचो. सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून बाबा गरम खुबूज, म्हणजे इथली रोटी, आणायचे. आई त्याचे तुकडे करून कुळथाच्या पिठीत बुडवून वाढायची. आई लांज्याकडची, चौथी शिकलेली. तिच्याकडचे मसाल्याचे सगळे डबे दुधाच्या पावडरचे, एकाच मापाचे. त्यांवर चिठ्ठ्या नसायच्या. झाकणाखाली दोरा बांधलेला असायचा आणि दोऱ्याला गाठी. एक गाठ म्हणजे मिरची, दोन म्हणजे हळद, तीन म्हणजे गावाहून आलेला गरम मसाला. ती अंधारातसुद्धा बोटाने चाचपून डबा काढायची. आजही आमच्या झिंज भागातल्या घरात तिचे डबे तसेच आहेत. मी त्यांना छापील लेबलं लावली तर ती लेबलावरून पुन्हा दोरा बांधते.

ब्रिताबाई आमच्याकडे बाबांमुळे आल्या, म्हणजे आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांचे यजमान जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत इंजिनियर होते. झिंजमधल्या त्यांच्या फ्लॅटचा एसी बाबांनी दुरुस्त केला, खिडकीला सिलिकॉन मारलं, आणि निघताना विचारलं, घरकामाला बाई हवी का? बोलणी करायला मला नेलं, कारण घरात धड इंग्रजी मलाच यायचं. मी पंधरा वर्षांची होते आणि आयुष्यातला पहिला सौदा करत होते. शुक्रवारी सुट्टी, इस्त्री नाही, बाहेरून काचा पुसणार नाही, दुपारचा चहा दुधाचा. ब्रिताबाई उंच, हाडकुळ्या, पांढुरक्या भुवयांच्या. प्रत्येक अटीला मान हलवत होत्या. मग त्यांनी त्यांची एकच अट सांगितली. मागच्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही, महिनोन्महिने झाडलं नाही तरी चालेल.

"मग तिथल्या धुळीबद्दल माझ्या आईला कोणी बोलायचं नाही," मी म्हणाले.

"धूळ माझी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी आईला मराठीत सांगितलं, "मागची खोली त्यांची. धूळसुद्धा त्यांची." आई म्हणाली, "कसली बाय ही, धुळीवर हक्क सांगते!"

त्या दोघींचं कसं जमलं ते मला कधी नीट कळलं नाही. आईची हिंदी मोडकी, इंग्रजी चार शब्दांची, ब्रिताबाईंना हिंदी शून्य. शाळा सुटल्यावर मी तिथे जायची तेव्हा स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज येत असायचे. एकदा ब्रिताबाईंनी त्यांच्याकडचे गोड पाव भाजले. आईने एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मोठे केले. "वेलची!" ती ओरडली, आणि डब्यातून वेलदोडे काढून ओट्यावर ठेवले. ब्रिताबाईंनी त्यातला एक फोडून हुंगला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आईच्या हातांना हाच वास यायचा, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी आईला. पुढे आई त्यांच्यासाठी घावणे करायची आणि त्या त्यावर जांभळ्या फळांचा मुरंबा लावून खायच्या. आईला ते बघवायचं नाही, पण ती रोज करायची.

त्यांचं आयुष्य मला असंच तुकड्या-तुकड्यांनी, दोघींच्या मधली दुभाषी म्हणून कळलं. त्या उत्तरेकडच्या, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात. गावात नदी आणि नदीकाठी लाकडाची गिरणी. वरच्या जंगलातून ओंडके नदीत सोडायचे, आणि त्यांचे वडील लांब आकडी घेऊन ओंडक्यांवरून उड्या मारत ते पुढे ढकलायचे. एका वसंतात ते ओंडक्यांच्या मधून खाली गेले. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. पहिलं पुस्तक त्यांनी आपल्या गावावर लिहिलं होतं. ते गाजलं आणि गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसरं पुस्तक वडिलांवर होतं आणि ते सहा वर्षं अडलं होतं. "सगळं लिहून झालंय," त्या म्हणायच्या, "फक्त कशानंतर काय, ते कळत नाही." आईने यावर विचार करून मला सांगायला लावलं, "म्हणावं, फोडणीचंच तसं असतं. जिन्नस सगळे असतात, आधी काय टाकायचं त्यावर सगळं." ब्रिताबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. ते वाक्य पुढे पुस्तकात आलं की नाही हे मी शोधलं. नाही आलं.

ते अडलेलं पुस्तक मागच्या खोलीत जमिनीवर होतं. पिवळे कागद, पेन्सिलीने लिहिलेले, एका कागदावर एक प्रसंग, कशावरच आकडा नाही. दारापासून बंद खिडकीपर्यंत नऊ रांगा. एकेक प्रसंग त्यांनी चार-चार वेळा लिहिला होता, त्यातला कोणता खरा ते कागद कुठे ठेवलाय त्यावरून त्यांनाच ठाऊक. आकडा घातला की कागद खिळला जातो, असं त्या म्हणायच्या. पायांत जाड लोकरी मोजे घालून त्या रांगांमधून फिरायच्या, एक उचलायच्या, दुसरीकडे ठेवायच्या. फिरताना पाय कागदाला लागायचा, कधी कागदावरच पडायचा. आई ते उंबऱ्यावरून बघायची आणि प्रत्येक वेळी झटकन वाकून आपल्याच हाताची बोटं जमिनीला लावून कपाळाला लावायची. आमच्याकडे कागदाला पाय लागला की नमस्कार करतात. रद्दीला लागला तरी करतात. हे तर लिहिलेले कागद. "हिचं पाप कोण फेडणार?" ती म्हणायची. "मीच फेडते, रोजचं रोज."

मग खंडेनवमी आली. बाबांनी आदल्या संध्याकाळी आपले पाने, पकडी, गॅसचं मीटर घासूनपुसून पाटावर मांडलं. माझी शाळेची पुस्तकं बाजूला ठेवली, त्यांवर हळदकुंकू, झेंडूऐवजी बाजारात मिळाली ती पिवळी फुलं. आई आरती करता करता मध्येच थांबली. ब्रिताबाई आणि यजमान दोन दिवसांसाठी दुबईला गेले होते, घराची किल्ली आईकडे होती. "आजच्या दिवशी तिची विद्या जमिनीवर पडलीय," आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. "खोलीत जायचं नाय म्हणून ठरलंय ना?" आई म्हणाली, "ठरलंय ते धुळीचं. देवाचं कुठं ठरलंय?"

आम्ही दोघी गेलो. मला आजही आईचं ते काम डोळ्यांसमोर दिसतं. कागदांवर पाय द्यायचा नाही, म्हणून ती दारात बसली आणि पहिली रांग डावीकडून उजवीकडे एकावर एक उचलत गेली. रांग संपली की गठ्ठा लाल दोऱ्याने बांधला आणि दोऱ्याला एक गाठ दिली. मग मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे सरकली. दुसऱ्या रांगेला दोन गाठी. तिसरीला तीन. असं सरकत सरकत ती खिडकीपर्यंत पोचली, नऊ गठ्ठे, शेवटच्याला नऊ गाठी, आणि ते तिने तिथल्या टेबलावर ओळीने ठेवले. अक्षर एक कळत नव्हतं, पण एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. "पूजा झाली की उद्या सकाळी होते तसे मांडते. तिला कळणारसुद्धा नाय," ती म्हणाली. आणि ती हातपाय धुवायला गेली.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या नऊ पुड्या टेबलावर मला वाण्याच्या दुकानातल्यासारख्या दिसल्या. मला लाज वाटली. एवढी मोठी लेखिका, आणि तिच्यापुढे आमचा हा गाठी मारलेला कारभार. इंग्रजी शाळेत जाणारी मी, मला वाटलं, एक सुबक गठ्ठा असावा, कडा जुळलेला. मी दोरे सोडले. गठ्ठे जाडीप्रमाणे लावले, सगळ्यात जाड खाली, सगळ्यात बारीक वर, जसे आज मी दुकानात कापडाचे तागे लावते. टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. दोरे मुठीत घेतले आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकून दिले. आई येऊन बघते तो देवघरातल्या पोथीसारखा एक गठ्ठा. तिला वाटलं, मी दोऱ्यांची टोकं आत दडपलीत. "छान दिसतंय गो," ती म्हणाली आणि फूल वाहिलं. कचऱ्याची पिशवी जाताना मीच खाली नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ब्रिताबाई आधीच आलेल्या होत्या. यजमानांचं काम लवकर आटोपलं होतं. त्या मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते आणि काहीतरी वाट निघाली असती. त्यांनी चपला काढल्या, रिकाम्या जमिनीवर मोजे घातलेल्या पायांनी सावकाश चालत गेल्या, जिथे कागद असायचे त्या जागा चुकवत. आई हसतच आत शिरली होती. "मॅडम, नो टेन्शन. थ्रेड, थ्रेड," ती बोटांनी गाठ मारून दाखवत म्हणाली, "वन, टू, थ्री." तिने गठ्ठ्यावरचं फूल बाजूला ठेवलं, कागदांच्या कडांतून बोट फिरवलं. एकदा. मग पुन्हा. मग माझ्याकडे वळली.

"गो, दोरे कुठं हायत?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग ब्रिताबाईंकडे वळून म्हणाली, "मॅडम, आय ओपन. थ्रेड आय ओपन. माय मिस्टेक." आयुष्यात ज्या बाईच्या हातून एक कप फुटला नव्हता, जिच्या चोख हाताबद्दल सगळ्या नईममधल्या बायका खात्री द्यायच्या, ती खाली मान घालून उभी राहिली. ब्रिताबाईंनी मला सांगितलं, "तिला घरी घेऊन जा." तेवढंच. मला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

पुढच्या सकाळी शाळा बुडवून मी एकटी झिंजला गेले. दार साखळीएवढं उघडलं. मी एका दमात सगळं मांडलं. आई महिनाभर काहीही न घेता काम करेल, मी रोज येऊन बसेन, तुम्ही एकेक कागद सांगा, मी जागेवर ठेवेन, हवं तर मला शिक्षा करा. फटीतून त्यांचा एक डोळा दिसत होता, सुजलेला. "यात ठरवण्यासारखं काही नाही, मुली," त्या म्हणाल्या. दोरे मी सोडले, हे तीन शब्दांचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बाहेर आलं नाही. दार लागलं. तेव्हापासून मी हजारो माणसांशी भाव केले असतील, पण ज्याला काहीच नको असतं त्याच्याशी काय बोलायचं ते मला आजही येत नाही. आईचा एप्रन आणि घावण्यांचा तवा यजमानांनी आमच्याकडे पोचवला. दोघं उन्हाळ्याआधी बेट सोडून गेले. आईने पुन्हा कोणाच्या घरी काम धरलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या हातून एकीचं मोठं नुकसान झालं."

मी मोठी झाले, भांडखोर झाले, पैसा केला. इथल्या एका शाळेच्या जत्रेत जुन्या पुस्तकांच्या टेबलावर मला ते नाव दिसलं. इंग्रजी भाषांतर होतं, मागे छापलेलं, या कादंबरीने लेखिकेला मोठं केलं, ती अनेक भाषांत गेली. सवयीने मी त्याचाही भाव पाडला, आणि गाडीत बसून वाचायला लागले. पहिला प्रसंग होता वेलची घातलेल्या पावांचा, चार पानांचा. खिडकीजवळची ती सर्वांत छोटी रांग, जी मी सगळ्यात वर ठेवली होती. शेवटी, अगदी शेवटी, ओंडक्यांमधून खाली जाणारा बाप. तो प्रसंग त्यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिला असणार, म्हणून दाराजवळची ती रांग सगळ्यात जाड, म्हणून ती तळाला. मलपृष्ठावर लिहिलं होतं, मृत्यूला शेवटपर्यंत थोपवून धरण्याचं हे धैर्य विलक्षण आहे. ते धैर्य नव्हतं, ते ताग्यांचं रचणं होतं, आणि ते माझ्या हातचं होतं. मग मी मनोगत वाचलं आणि वारा भेटला.

बाबा तेव्हा हयात होते. त्यांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. "माझ्या सिलिकॉनमधून वारा? मच्छर जाणार नाय तिथून!" आईने मात्र पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "बघ, माझं नाव झाकलं तिनं." मला झाकणं दिसत नव्हतं, मला चोरी दिसत होती. मी प्रकाशकाला पत्रं लिहिली, एकापेक्षा एक तिखट. वारा नव्हता, माझी आई होती, पुढच्या आवृत्तीत तिचं नाव घाला. त्यांची उत्तरं गुळगुळीत, आभार मानणारी, काहीही न देणारी. माझ्या एकाही पत्रात मी दोऱ्यांचा उल्लेख केला नाही. आईसाठी भांडत होते, आणि भांडतानाही जपत मला स्वतःलाच होते. हे लिहायला मला या वयाची वाट बघावी लागली.

गेल्या महिन्यात मेल आली, ब्रिताबाईंच्या पुतणीची. तिला माझी जुनी पत्रं प्रकाशकाकडून मिळाली होती. तिने लिहिलं होतं, आत्या आता वृद्धाश्रमात आहे, तिला आपली पुस्तकं आठवत नाहीत, कधी कधी माणसंही. पण मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. तिने विचारलं, त्या मुलीने दोरे कुठे टाकले? पुतणीने पुढे लिहिलं होतं, याचा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला लागतो का?

त्या मुलीने. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्याच दिवशी, कदाचित आईने माझ्याकडे बघितलं तेव्हाच, त्यांनीही बघितलं होतं. आणि तरी वारा लिहिला. का, ते विचारायला आता दार कुठे ठोठावायचं?

आई माझ्यासमोर बसून वेलदोडे सोलत होती. ऐंशी ओलांडली तरी नखं अजून तशीच तयार. मी तिला मेल मराठीत सांगितली, पण "त्या मुलीने" हे दोन शब्द गाळले. म्हटलं, "दोरे कुठे गेले ते विचारतेय."

आई क्षणभरही थांबली नाही. "लिही की, ह्या म्हातारीनं सोडले. तेव्हाच सांगितलं होतं तिला."

"आई, ते दोरे..."

"लिही म्हणते ना. इतकी वर्षं निभावलं ते आता कशाला मोडतेस?"

मी लिहिलं. इंग्रजीत, खरं ते लिहिलं. दोरे मी सोडले, कचऱ्यात टाकले, माझ्या आईने माझ्यासाठी खोटं सांगितलं. आईने विचारलं, "वाच बघू काय लिहिलंस." मी पडद्याकडे बघत तिला तिचंच वाक्य वाचून दाखवलं, म्हातारीने सोडले, चुकी झाली, माफ कर. तिने समाधानाने मान हलवली. मी पाठवण्याचं बटण दाबलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. पुतणीने माझं पत्र आत्याला दोनदा वाचून दाखवलं होतं, हळू, मोठ्या आवाजात. आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलं की नाही, सांगता येत नाही. मग तिचं जेवण आलं.

"काय म्हणाली ब्रिता?" आईने विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"तिचं तसंच. रागावली की बोलतच नाय ती," आई म्हणाली, आणि मांडीवरची सालं ओंजळीत गोळा केली. "दोन दिवस जाऊ दे. मग परत लिही."